पायांची लांबी कुठे ठरते?

जून महिना आला, शाळा सुरू झाल्या की बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘डॉक्टर, वर्गात हा सगळ्यांत पुढे उभा राहतो. उंचीसाठी काही देता का?’ आई-वडिलांची काळजी खरी असते. मुलाला भिंतीशी उभे करून आपण उंची मोजतो, तक्त्यावर ठिपका देतो आणि बोलणे त्या एका आकड्याभोवती फिरत राहते. या आकड्यात पायांचा वाटा किती आणि धडाचा किती, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हे मोजणे सोपे आहे. सपाट स्टुलावर ताठ बसायचे आणि स्टुलाच्या पृष्ठभागापासून डोक्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजायचे. याला ‘बसून उंची’ म्हणतात. एकूण उंचीतून ती वजा केली की उरते ती साधारणपणे पायांची लांबी. (मराठीत पाऊल आणि तंगडी या दोन्हींना आपण पायच म्हणतो. या लेखात पाय म्हणजे खुब्यापासून टाचेपर्यंत.) प्रौढ माणसात बसून उंची ही एकूण उंचीच्या ५२ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ निम्मी उंची पायांची. नवजात बाळात हाच हिशेब वेगळा असतो. त्याच्या लांबीचा सुमारे दोन तृतीयांश भाग डोके आणि धडाचा असतो आणि पाय जेमतेम एक तृतीयांश.

म्हणजे जन्मानंतर सगळ्यांत जास्त मजल पायांनाच मारायची असते. ही मजल किती लांबची, हे लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने आखून दिले आहे. प्रत्येक मूल ती पूर्ण करते का, हे मात्र त्याच्या आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत ठरते.

आखूड पायांची लूसी

२४ नोव्हेंबर १९७४ रोजी इथिओपियातील हदार येथे डोनाल्ड जोहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका मादीच्या सांगाड्याचे अवशेष सापडू लागले. वय सुमारे ३२ लाख वर्षे. ‘लूसी’ या नावाने ती जगभर प्रसिद्ध झाली. तिचे खुबे आणि गुडघे पाहिले की ती दोन पायांवर चालत होती याबद्दल शंका राहत नाही. पण पाय मात्र आखूड होते. मांडीचे हाड सुमारे २८ सेंटीमीटर, दंडाचे सुमारे २४. म्हणजे दंडाचे हाड मांडीच्या हाडाच्या ८५ टक्के लांब. चिंपांझीमध्ये ही दोन हाडे जवळजवळ सारखीच लांब असतात. आपल्यात दंडाचे हाड मांडीच्या हाडाच्या साधारण ७० ते ७२ टक्के भरते. लूसी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभी आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. आपले पूर्वज आधी दोन पायांवर उभे राहिले आणि पाय लांब झाले ते नंतर. टांझानियातील लेटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेले पावलांचे ठसे मेरी लीकी यांच्या चमूने १९७८ मध्ये उजेडात आणले. ते लूसीपेक्षाही जुने, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. चालणारे दोन पायांवरच चालत होते. पण झाडांचा आधार अजून पूर्ण सुटला नव्हता. खोडावर चढायचे, फांदीला लटकायचे तर लांब हात आणि आखूड पाय सोयीचे असतात.

यानंतर दुसऱ्या एका सांगाड्याकडे पाहू. १९८४ मध्ये केनियातील तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला, रिचर्ड लीकी यांच्या चमूतील कामोया किमेऊ या अत्यंत तीक्ष्ण नजरेच्या संशोधकाला एक हाडाचा तुकडा दिसला. पुढे तिथे जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. हा ‘तुर्काना बॉय’, ‘होमो इरेक्टस’ गटातला मुलगा, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा. दातांवरून पाहता तो मेला तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असावा. त्याचे मांडीचे हाड होते सुमारे ४३ सेंटीमीटर! पूर्ण वाढलेल्या लूसीपेक्षा दीडपट लांब. त्याच्या हातापायांचे प्रमाण आजच्या माणसाच्या बरेच जवळ आले होते. मधल्या काळात आफ्रिकेत अनेक ठिकाणी दाट झाडी विरळ होऊन गवताळ माळ पसरला होता. अन्न आणि पाणी यांच्यातले अंतर वाढले होते. आता दिवसभर चालणे हाच जगण्याचा मार्ग होता.

चालण्याचा खर्च

लांब पायांनी नेमका फायदा काय होतो? फायदा म्हणजे अन्नाची बचत. चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराचे वजन तोलून धरायला स्नायूंना आकुंचन पावावे लागते आणि प्रत्येक आकुंचनाला ऊर्जा लागते. पाय लांब असला की एका पावलात जास्त अंतर कापले जाते, तेवढ्याच अंतराला पावले कमी लागतात आणि खर्च वाचतो. २००७ मध्ये मायकेल सॉकल, डेव्हिड राइक्लेन आणि हर्मन पाँत्झर यांनी माणसांना आणि चिंपांझींना ट्रेडमिलवर चालवून श्वासातून ऑक्सिजनचा वापर मोजला. चिंपांझी चार पायांवर चालो की दोन, त्याच्या तुलनेत माणसाला चालायला सुमारे ७५ टक्के कमी ऊर्जा लागत होती. याची मुख्य कारणे दोन, आपले लांब पाय आणि ते सरळ ठेवून चालण्याची पद्धत. चिंपांझी दोन पायांवर चालताना खुबा आणि गुडघा वाकवून चालतो. गुडघे वाकवून दहा पावले चालून पाहा, मांड्या लगेच भरून येतील.

लांबीबरोबर वजनाची मांडणीही महत्त्वाची. आपल्या पायाचे जाडजूड स्नायू वर, मांडीत आणि नितंबात आहेत. खाली नडगीशी पाय निमुळता होतो आणि पोटरीचे स्नायू टाचेमागच्या लांब कंडरेने टाचेला जोडलेले असतात. पुढे झुलणाऱ्या लोलकाचे टोक हलके असेल तर तो झुलवायला श्रम कमी पडतात, तसेच हे. ही कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि ताण परत देते. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन यांनी २००४ मध्ये मांडले, की लांब पाय आणि ही कंडरा दूरवर धावण्यासाठीही उपयोगी पडली असावी. चालणे महत्त्वाचे की धावणे, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. पण लांब पायांमुळे पोटाला कमी अन्न लागत होते, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

कणकेचा गोळा आणि पोळी

केवळ चालणे हेच कारण असते, तर जगभरच्या माणसांचे पाय सारख्याच प्रमाणात लांब असते. तसे नाही. इथे हवामानाचा हात दिसतो.

कणकेचा एक गोळा घ्या. तेवढ्याच कणकेची पोळी लाटा. वजन तेच, पण पोळीचा पृष्ठभाग कितीतरी जास्त. दोन्ही सारखेच गरम केले तर पोळी आधी निवेल. शरीराचेही तसेच. लांब, सडसडीत हातपाय म्हणजे वजनाच्या मानाने जास्त त्वचा, जास्त घाम, लवकर थंडावा. आखूड आणि भरीव हातपाय उष्णता धरून ठेवतात. १८७७ मध्ये जोएल ॲलन यांनी प्राण्यांबाबत हा नियम मांडला होता. थंड प्रदेशातल्या प्राण्यांचे कान, शेपटी आणि पाय आखूड असतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

माणसात हे मोजायला अभ्यासक नडगीच्या हाडाची तुलना मांडीच्या हाडाशी करतात. उष्ण आफ्रिकेतील लोकांत नडगी मांडीच्या हाडाच्या साधारण ८५ टक्के असते. ध्रुवाजवळच्या लोकांत ती ८० च्या आसपास येते. हिमयुगातल्या युरोपात राहणाऱ्या निअँडरथल मानवांत ती जेमतेम ७९ होती. विशेष म्हणजे आफ्रिकेतून युरोपात पोहोचलेल्या सुरुवातीच्या आधुनिक माणसांचे सांगाडे उष्ण प्रदेशातल्यासारखे लांब नडगीचे आहेत. त्यांच्या वंशजांत ती आखूड व्हायला हजारो वर्षे लागली.

आखूड नडगी म्हणजे नुसते नुकसान, असेही नाही. २०११ मध्ये रायन हिगिन्स आणि ख्रिस्तोफर रफ यांनी दाखवले, की सपाट जमिनीवर लांब नडगीचा फायदा असला तरी चढणीवर तो फायदा उरत नाही, उलट आखूड नडगी सोयीची पडू शकते. निअँडरथल डोंगराळ मुलुखात राहत होते. ज्याच्या त्याच्या जमिनीला साजेसे पाय, असा हा हिशेब आहे. त्यामुळे कोणत्या समाजाचे पाय ‘चांगले’ आणि कोणाचे ‘वाईट’, हा प्रश्नच गैरलागू आहे.

इथपर्यंतची गोष्ट हजारो-लाखो वर्षांची आहे. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने वेगळीच दिशा दाखवली. मारिया सेराट आणि सहकाऱ्यांनी उंदरांची पिल्ले वेगवेगळ्या तापमानात वाढवली. २७ अंश सेल्सिअसमध्ये वाढलेल्यांचे पाय, कान आणि शेपट्या ७ अंशांत वाढलेल्यांपेक्षा लांब झाल्या. हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, तिच्यावर तापमानाचा थेट परिणाम होत होता. अनुवंश तोच, तरीही एकाच पिढीत पायांची लांबी बदलली. म्हणजे जनुकांनी एक मर्यादा आखून दिली असली, तरी त्या मर्यादेत पाय किती वाढेल हे वाढीच्या काळातली परिस्थिती ठरवते.

एका पिढीत सात सेंटीमीटर

माणसाच्या बाबतीत ही परिस्थिती म्हणजे मुख्यतः अन्न आणि आजारपण. याचा सर्वांत बोलका पुरावा माया समाजातून मिळाला. ग्वाटेमालातील यादवी युद्धामुळे १९८० च्या दशकात अनेक माया कुटुंबे अमेरिकेत आश्रयाला गेली. बॅरी बोगिन या मानवशास्त्रज्ञाने अमेरिकेत वाढलेल्या माया मुलांची उंची मोजून ती ग्वाटेमालातील माया मुलांशी ताडून पाहिली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: अमेरिकेतील मुले सरासरी साडेअकरा सेंटीमीटर उंच होती आणि त्यांतले जवळजवळ सात सेंटीमीटर एकट्या पायांचे होते. समाज तोच, पूर्वज तेच. बदलले होते ते पिण्याचे पाणी, जेवण, दवाखाना आणि शाळा.

जपानमध्येही हेच घडले. जेम्स टॅनर आणि सहकाऱ्यांनी १९५७ आणि १९७७ मधील जपानी मोजमापांची तुलना केली. वीस वर्षांत प्रौढांची जी उंची वाढली होती, ती जवळजवळ सगळी पायांची होती. बसून उंची फारशी हललीच नव्हती. युद्धानंतर हलाखीतून सावरलेल्या त्या देशात मुलांच्या ताटात दूध, मासे, अंडी येऊ लागली होती. जपानी माणूस बसका असणारच, तो त्यांचा वांशिक गुण, असे तोवर सर्रास म्हटले जाई. वीस वर्षांत या समजाला तडा गेला.

टंचाईत आधी पायांचे रेशन तुटते

अन्न कमी पडले तर सगळे शरीर सारखेच का आखूड राहत नाही? पायच का मागे पडतात? याचे उत्तर गर्भापासून सुरू होते. गर्भाच्या रक्ताभिसरणाची रचना अशी असते, की वारेतून आलेले सर्वांत जास्त ऑक्सिजन असलेले रक्त आधी हृदय आणि मेंदूकडे वळते. शरीराच्या खालच्या भागाला मिसळलेले, तुलनेने कमी ऑक्सिजनचे रक्त मिळते. वाढ डोक्याकडून पायाकडे होत जाते. जन्मानंतर वयात येईपर्यंत धडापेक्षा पाय अधिक वेगाने वाढतात. जो अवयव वेगाने वाढतो, त्याला टंचाईची झळ जास्त बसते. घरात पैसा कमी पडला की किराणा आणि औषध थांबत नाही, बाकीचा खर्च थांबतो. शरीरही मेंदू आणि आतले अवयव सांभाळून घेते, काटकसर करते ती हातापायांच्या लांबीत.

२०१२ मध्ये एमा पॉमेरॉय आणि सहकाऱ्यांनी पेरू देशातील मुलांमध्ये हेच पाहिले. उंच डोंगरावरच्या, विरळ हवेच्या आणि गरिबीच्या भागातील मुलांचे हातपाय सखल भागातल्या मुलांपेक्षा आखूड होते. त्यातही नडगी आणि कोपराखालचा हात यांची वाढ जास्त खुंटली होती.

पायांच्या लांबीवरून बालपणीचे पोषण ओळखता येईल, ही कल्पना इसाबेला लीच यांनी १९५१ मध्येच मांडली होती. ब्रिटनमध्ये १९४६ साली जन्मलेल्या मुलांचा पुढे अनेक दशके पाठपुरावा करण्यात आला. त्यांच्यात चाळिशीनंतर मोजलेल्या पायांच्या लांबीचा संबंध लहानपणी मिळालेल्या आईच्या दुधाशी आणि चौथ्या वर्षीच्या आहाराशी असल्याचे दिसले. वेल्समधील कॅर्फिली येथील पुरुषांच्या अभ्यासात आखूड पाय असलेल्यांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती आणि हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले. पाय आखूड म्हणून हृदयविकार झाला, असा याचा अर्थ नाही. बालपणीच्या ज्या ओढाताणीने पाय आखूड राहिले, तिनेच आतल्या यंत्रणेतही काटकसर करून ठेवली, असा याचा अर्थ.

आपल्याकडे या धाग्याचे दुसरे टोक पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या घरात होते. बाळे किरकोळ, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकवून ठेवलेली. मधुमेहाचे बीज आईच्या पोटातच कसे पेरले जाते, हे त्यातून जगाला समजले.

आपला तक्ता काय सांगतो?

महाराष्ट्रात पाच वर्षांखालील किती मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४ टक्क्यांवर आले. दहा वर्षांतली ही घट मोठी होती. पण २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते ३५ टक्के निघाले, म्हणजे गाडी तिथेच अडली. दर तीन मुलांमागे एकाहून अधिक मूल आजही आपल्या पायांची पूर्ण लांबी गाठत नाही. अनुवंशाचे कारण यासाठी पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेली वाढीची मानके ज्या सहा देशांतील मुलांवरून ठरवली, त्यांत भारतही होता. पोटभर, सकस अन्न आणि निरोगी घर मिळालेली आपली लहान मुले ब्राझील, घाना किंवा नॉर्वेतल्या मुलांसारखीच वाढली.

म्हणून उंचीच्या औषधाचा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात.

डब्यातल्या महागड्या पावडरीने हाड लांब होत नाही. बारला लटकल्यानेही होत नाही. हाडाच्या टोकाची वाढीची कूर्चा मुलींत साधारण १४ ते १६ आणि मुलांत १६ ते १८ वर्षांपर्यंत सांधून जाते. त्यानंतर कोणतेही औषध पाय वाढवू शकत नाही. हाड कापून दिवसाला एक मिलिमीटर या गतीने ताणण्याची शस्त्रक्रिया आहे, पण ती आजारासाठी किंवा व्यंगासाठी आहे, हौसेसाठी नाही.

खरा काळ आहे तो गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस. गरोदर बाईने दोन घास जास्त खावेत, लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाण्याची पद्धत घराने मोडावी. बाळाला जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजावे आणि सहा महिने फक्त आईचेच दूध द्यावे. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करावे. नुसत्या भाताच्या पेजेवर किंवा डाळीच्या पाण्यावर बाळ वाढत नाही. घट्ट वरण-भात, मऊ खिचडी, त्यावर तेल किंवा तूप, नाचणीचे सत्त्व, कुटलेले शेंगदाणे आणि चालत असेल त्या घरी अंडे द्यावे. बाळाचे पोट लहान असते, म्हणून थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा भरवावे.

वारंवार होणारे जुलाब हे आखूड पायांचे दुसरे मोठे कारण. खाल्लेले अंगी लागत नाही. हात साबणाने धुणे, पाणी उकळून घेणे, जुलाब झाल्यास ओआरएस आणि १४ दिवस झिंक देणे आणि आजारपणात खाणे न थांबवणे, हे साधे उपाय आहेत. अंगणवाडीत वजनासोबत लांबी किंवा उंचीही मोजून घ्या. वजन महिन्याभरात भरून येऊ शकते. खुंटलेली उंची इतक्या सहज भरून येत नाही.

आणि एक गोष्ट मुलींबद्दल. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. जिची स्वतःचीच वाढ पुरी व्हायची आहे तिच्या पोटातले बाळ तिच्याशी अन्नासाठी स्पर्धा करते. आखूड पायांचा वारसा असा एका पिढीकडून दुसरीकडे जातो आणि आपण त्याला ‘आमच्या घराण्यात सगळे बुटकेच’ असे म्हणून मोकळे होतो.

एक सावधगिरीही सांगायला हवी. लेख वाचून लगेच घरातल्या मुलाला स्टुलावर बसवून टेप लावू नका. एकेका मुलाच्या उंचीत आई-वडिलांचा वाटा मोठा असतो आणि आखूड पायांचे निरोगी मूल हे निरोगीच असते. वर दिलेले आकडे समाजाबद्दल बोलतात. मात्र पाय धनुष्यासारखे वाकलेले असतील, वर्षभरात उंची चार सेंटीमीटरही वाढत नसेल किंवा मुलगी आठ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दाखवत असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. मुडदूस, थायरॉइडची कमतरता, वेळेआधी वयात येणे यांवर उपचार आहेत आणि ते कूर्चा उघडी असेपर्यंतच उपयोगी पडतात.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला त्याचे गुण म्हणायचे असतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही म्हण शब्दशः घेतली तरी चालेल. उत्क्रांतीने लांब पायांचा वारसा प्रत्येक बाळाच्या हाती दिला आहे. तो त्याच्या पदरात पूर्ण पडतो की नाही, हे पाळण्याभोवतीच्या माणसांवर अवलंबून आहे.